नळीतलं रक्त आणि कागदावरचा आकडा

शरीरातून काढलेलं रक्त नळीत गेल्यावरही काही तास जिवंत असतं. त्यातल्या पेशींना जगायला ऊर्जा लागते आणि ती त्या रक्तातल्याच साखरेतून घेतात. साध्या नळीत, खोलीच्या नेहमीच्या तापमानाला, ही साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. उष्णता वाढली की घटही वाढते. आता मे महिन्यातलं भुसावळ किंवा जळगाव डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ च्या आसपास. यावल-चोपड्याकडच्या एखाद्या गावात सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं. नमुने गोळा करणारा मुलगा आणखी दोन-चार गावं उरकून दुपारी तालुक्याला पोचला. तोवर नळी मोटरसायकलला अडकवलेल्या पिशवीत. सकाळी १३० असलेली साखर १०५ भरायला तीन तास पुरतात. उपाशीपोटीची साखर १२६ च्या वर असली की डॉक्टर मधुमेहाची शंका घेतात. १०५ म्हटलं की फार तर 'जरा गोड कमी करा' एवढं सांगून सोडतात. मशीन इथं चुकलेलं नसतं. त्याच्यासमोर जे रक्त आलं, त्यात जेवढी साखर उरली होती, तेवढी त्यानं अचूक सांगितली.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. राखाडी झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं, ते पेशींचं साखर खाणं थांबवतं. पण त्याचा अंमल पूर्ण बसायला तास-दोन तास जातात, म्हणून नळी बर्फाच्या डब्यात ठेवायची किंवा लवकरात लवकर पेशी आणि पाणी वेगळं करून घ्यायचं. हे प्रत्येक तंत्रज्ञाला शिकवलेलं असतं. रिपोर्ट हातात घेणाऱ्या माणसाला मात्र कुणी सांगत नाही.

मी उमेदीची सगळी वर्षं सरकारी प्रयोगशाळेत काढली. आधी धुळे जिल्ह्यात, मग जळगावात. निवृत्त झाल्यावरही गल्लीतले, नात्यातले, सुनेच्या माहेरचे लोक रिपोर्ट घेऊन येतात. हल्ली कागदापेक्षा मोबाईलवरच जास्त. छापलेल्या मर्यादेत आकडा बसतो की नाही, एवढंच त्यांना हवं असतं. मला आधी दुसरंच विचारायचं असतं. रक्त किती वाजता काढलं, कशात ठेवलं, मशीनला किती वेळानं लागलं? जळगावात सोनं घेताना गिऱ्हाईक हॉलमार्क बघतं, घडणावळ विचारतं, वजन डोळ्यांदेखत करून घेतं. तीच माणसं रक्ताचा रिपोर्ट पाकिटातून काढून जसाच्या तसा मानतात. म्हणून या प्रकरणात रिपोर्टाची पारख कशी करायची ते सांगणार आहे. आरोग्यसेवेतलं आजचं बरंचसं तंत्रज्ञान मोजण्याचं आहे, आणि ते दवाखान्यातून निघून आपल्या घरात, अगदी मनगटावर येऊन बसलं आहे.

आमच्या वेळी हिमोग्लोबिन साहलीच्या नळीत मोजायचे. बोट टोचायचं, बारीक पिपेटनं ०.०२ मिलीलीटर रक्त ओढायचं, पिपेटचं टोक बाहेरून पुसायचं आणि रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायचं. मग दहा मिनिटं थांबायचं. रंग तपकिरी होतो. त्यात डिस्टिल्ड वॉटरचा एकेक थेंब टाकत, काचेच्या दांडीनं ढवळत, शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत पातळ करत जायचं. रंग जुळला की नळीवरची रेघ वाचायची. ऐकायला सोपं आहे. पण बाहेर पंचवीस बाया रांगेत बसलेल्या असल्या की दहाची पाच मिनिटं होतात, आणि रंग पुरता न चढल्यामुळे हिमोग्लोबिन कमी भरतं. खिडकीच्या उजेडात एक रंग दिसतो, पिवळ्या बल्बखाली दुसरा. रक्त नीट येत नाही म्हणून बोट पिळलं तर आजूबाजूच्या मांसातलं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा आणखी खाली येतो. एकाच बाईचं रक्त दोन हातांनी तपासलं तर ग्रॅमभर फरक सहज पडायचा.

पेशी मोजणारं यंत्र आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला आणि तो आजही ओसरलेला नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत शिरेतलं रक्त घ्या, यंत्राला लावा, मिनिटभरात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, लाल पेशींचा आकार असं सगळं छापून येतं. लघवीतली साखर बघायला बेनेडिक्टचं निळं द्रावण उकळून ते हिरवं होतं की विटकरी, हे बघत बसणारी आमची पिढी. जुन्या पद्धतींबद्दल मला जिव्हाळा आहे, पण रुग्णाच्या हिताचा विचार केला तर यंत्रच हवं. मात्र यंत्रापर्यंत रक्त पोचवणं अजून माणसाच्याच हातात आहे. जांभळी नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटसुलट करावी लागते. ते राहिलं की आत बारीक गुठळ्या धरतात, प्लेटलेट त्यांत अडकतात आणि आकडा खोटाच कमी येतो. काही लोकांच्या प्लेटलेट तर नळीतल्या रसायनामुळेच एकमेकींना चिकटतात, त्यात कुणाचाच दोष नसतो. अशा वेळी काचेवर रक्ताचा पातळ थर ओढून मायक्रोस्कोपखाली बघणं हाच खात्रीचा मार्ग.

बोटातला थेंब की शिरेतलं रक्त, हा प्रश्न देशपातळीवरही गाजला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. ती मोजणी बोटातल्या थेंबावर झाली होती. तिच्या अचूकपणावर शंका आल्यामुळे सहाव्या फेरीतून हिमोग्लोबिन वगळलं गेलं आणि शिरेतल्या रक्तावर वेगळी पाहणी करायचं ठरलं. योग्यच झालं. पण त्यावरून आपल्याकडच्या बायकांच्या अंगात भरपूर रक्त आहे, असा अर्थ कुणी काढू नये. कापूस वेचणारी, निंदायला जाणारी बाई समोर बसून "भाऊ, मन्हं रगत कमी शे का?" असं विचारते, तेव्हा तिच्या पापणीची आतली बाजू आणि नखं बघूनच बरंच कळतं. तिला लोहाच्या गोळ्या मिळालेल्या असतात. घेतेही ती. पण भाकरी-ठेच्याचं जेवण झालं की लगेच चहा, आणि गोळीही त्याच चहाबरोबर. चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. चहा तासा-दोन तासांनी घ्या, जेवणात लिंबू पिळा, हे सांगायला कुठलंच यंत्र लागत नाही. फरक मात्र पुढच्या तपासणीच्या आकड्यात दिसतो.

हिवतापाच्या तपासणीत हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसायची. जुन्या घरांच्या दारांवर, भिंतींवर आरोग्य खात्याचा स्टेन्सिलचा चौकोन आणि त्यात तारखा लिहिलेल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिल्या असतील. आरोग्य कर्मचारी पंधरवड्याला घरी यायचा, कुणाला ताप असला की बोटातलं रक्त काचपट्टीवर घ्यायचा आणि दारावर तारीख टाकायचा. पट्टी आमच्याकडे येई, तिला जेएसबी रंग देऊन, तेल टाकून, जाड थराची शंभर क्षेत्रं बघितल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही असा नियम. आता पट्टीवर दोन रेघा उमटवणारी झटपट किट आहे आणि पाड्यावर बसून पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळतं. क्षयाचंही तसंच. बेडक्यात मिलीलीटरमागे काही हजार जंतू असल्याशिवाय मायक्रोस्कोपला ते सापडत नाहीत. गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्र त्याहून फार कमी जंतू पकडतं आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये त्याची शिफारस केली. वीज कधीही जाते अशा ठिकाणी हे यंत्र चालतं, ही मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. तरीही डबीत नुसती थुंकी आली तर यंत्र काय करणार? सकाळी उठल्यावर, चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. हे रुग्णाला उघड्या जागेत उभं करून, समजावून, करून दाखवावं लागतं.

पाऊस सुरू झाला की दोन आकडे खान्देशात घरोघरी पोचतात, विडाल आणि प्लेटलेट. त्यांच्याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण त्यांच्यापायी गरिबाचा पैसा सगळ्यात जास्त वाया जाताना मी पाहिला आहे.

विडाल तपासणी १८९६ मधली. फ्रान्समधल्या जॉर्ज विडाल यांनी ती शोधली. ती टायफॉइडचा जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. जिथे टायफॉइड वर्षानुवर्षं आहे, तिथल्या धडधाकट माणसाच्या रक्तातही ती थोडीफार सापडतात. पूर्वी होऊन गेलेला आजार, घेतलेली लस, एखादा वेगळाच ताप, यांपैकी कशानंही ती वाढतात. उलट खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात ती पुरेशी तयारही झालेली नसतात. त्यामुळे तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदाच केलेल्या विडालवर 'टायफॉइड निघाला' म्हणून शिक्का मारणं आणि लगेच सलाईन, महागडी इंजेक्शनं सुरू करणं याला आधार नाही. खरी तपासणी म्हणजे अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेलं ब्लड कल्चर. त्याला काही दिवस लागतात, साधनं लागतात, शिकलेला माणूस लागतो. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झालं, जळगावला ते २०१८ मध्ये मिळालं. महाविद्यालय आलं की मायक्रोबायोलॉजीचा विभाग येतो. त्याचा खरा फायदा असा की कल्चर लावायला मुंबई-पुण्याकडे बघावं लागत नाही. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. ताप चार दिवस उतरला नाही तर आधी तिकडे जा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

टायफॉइडची दुसरी तपासणी रक्ताची नाहीच, पाण्याची आहे. गावच्या नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. यालाच सगळे ओटी टेस्ट म्हणतात. घराच्या नळाशी लीटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असलं पाहिजे. टाकीत टीसीएल पावडर टाकली एवढ्यानं भागत नाही. पोतं उघडं राहिलं, पत्र्याच्या खोलीत तापलं, की तिच्यातलं क्लोरीन उडून जातं आणि पांढरा चुना उरतो. पावडर टाकल्याची नोंद वहीत, पण नळीत रंग नाही, असं घडतं ते यामुळे. पाण्याच्या कामाची या भागाला मोठी परंपरा आहे. नदीचं पाणी शेतांना वाटून घेण्याची पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड पद्धत शेकडो वर्षांची. १८८४ मध्ये नोकरीला लागलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांनी सुरुवातीच्या काळात पांझरेच्याच खोऱ्यात पाइपांच्या सायफनचं काम केलं होतं. त्याच धुळे जिल्ह्यात आज ग्रामसभेत कुणी उठून "ओटी टेस्ट दाखवा" म्हणत नाही, याचं मला वाईट वाटतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळ्या गावासमोर करता येतं.

आता प्लेटलेट. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या घसरतात आणि आकडा ऐंशी हजारांवर आला की घरात धावपळ सुरू होते. पपईच्या पानांचा रस, किवी, आणि 'पेशी चढवा' म्हणून डॉक्टरांच्या मागे तगादा. रक्तस्राव होत नसेल तर साधारणपणे दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवायची गरज पडत नाही. डेंग्यूत माणूस जातो तो बहुधा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट झाल्यामुळे, रक्तदाब कोसळल्यामुळे. त्याची खूण त्याच रिपोर्टात दुसऱ्या ओळीवर असते, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण. तो चढू लागला, पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, माणूस गळून गेला, लघवी कमी झाली, तर प्लेटलेट लाखावर असल्या तरी ताबडतोब दवाखाना गाठायचा. आणि हे नेमकं ताप उतरताना होतं, म्हणजे घरचे 'सुटलो' म्हणतात त्याच वेळी. एका ओळीवर बोट ठेवून बसलेली माणसं शेजारची ओळ वाचत नाहीत, हे मी फार वेळा पाहिलं.

घरातल्या यंत्रांबद्दल तक्रार करणाऱ्यांतला मी नाही. गावात रक्तदाबाचं यंत्र असलेलं एक घर असलं तरी दहा घरांना त्याचा उपयोग होतो. पाऱ्याचं यंत्र आता मागे पडलं. पाऱ्याच्या विषारीपणामुळे मिनामाता करारानं ते हळूहळू बाद करायला लावलं, आणि भारतानं २०१८ मध्ये त्या कराराला मान्यता दिली. डिजिटल यंत्र चांगलं आहे, फक्त ते कसं लावायचं ते शिकून घ्यायला हवं. बाजारातून पिशव्या घेऊन आल्या आल्या पट्टा गुंडाळला तर तो आकडा पायऱ्यांचा आणि उन्हाचा. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. अर्धा तास आधीपासून चहा नको, तंबाखू नको. लघवी तुंबलेली असली तरी दाब वाढतो. पट्टा सदऱ्याच्या बाहीवर बांधू नका आणि मोजत असताना बोलू नका. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्टा दाब खोटाच वाढवून दाखवतो. दोनदा मोजा. उन्हाळ्यात आणखी एक लक्षात ठेवायचं. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि दिवसभर शेतात घाम गाळला असेल, तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तो आकडा आणि ती तक्रार डॉक्टरांना सांगा, गोळी स्वतःहून बंद करू नका.

साखर मोजायच्या पट्ट्यांच्या डबीवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ३० अंशांच्या खाली ठेवा. पत्र्याच्या घरात एप्रिलपासून जूनपर्यंत ३० अंश म्हणजे पहाटेचं तापमान. डबी घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, कोरडी, घट्ट बंद ठेवावी, फ्रिजमध्ये मात्र नको. आणि बोट साबणानं धुऊन, पुसून कोरडं करूनच टोचावं. केळं किंवा आंबा सोललेल्या बोटावर फळाची साखर चिकटलेली असते आणि रक्ताचा थेंब तिच्यासकट पट्टीवर जातो. केळीच्या मुलखात ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. स्पिरिटच्या कापसानं पुसणं पुरेसं नसतं, पाणीच लागतं.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडमध्ये घरोघर आला आणि त्यानं जीव वाचवले. पण २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की गडद त्वचेच्या माणसांत तो प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतो. नखपॉलिश आणि थंडगार बोटं यांनीही तो फसतो. धाप लागलेल्या माणसाला ९५ दिसतंय म्हणून घरी झोपवू नये.

आता लोक रिपोर्टचा फोटो काढून मोबाईलमधल्या एआयला विचारतात. कॉलेजातला नातू आजोबांचा रिपोर्ट टाकतो आणि शुद्ध मराठीत दोन पानं उत्तर येतं. मी ती उत्तरं वाचली आहेत. पुष्कळदा बरोबर असतात, आणि तीन मिनिटांत पाच रुग्ण बघणाऱ्या ओपीडीपेक्षा समजावून सांगण्याचं काम नीट करतात. त्याला माहीत नसतं ते एवढंच की नळी उन्हातून आली का, आजोबा उपाशी होते की सकाळी चहा-बिस्किट झालं होतं, नळीतल्या पेशी फुटून रक्तातलं पाणी लालभडक झालं होतं का. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टात ते धोक्याच्या पातळीला गेलेलं दिसतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला असा आकडा पाहून थेट मोठ्या शहरात हलवायची तयारी होते, आणि दुसऱ्यांदा नीट घेतलेल्या रक्तात पोटॅशियम व्यवस्थित निघतं. म्हणून एआयला विचारा, जरूर विचारा, पण प्रश्नात नमुन्याची हकीकतही लिहा. आणि रिपोर्टाखाली सही कुणाची आहे ते बघा. प्रयोगशाळेच्या अहवालावर सही पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. स्कॅन करून चिकटवलेल्या सहीचे रिपोर्ट आजही फिरतात.

सातपुड्याच्या बाजूला गेलं की आकड्यांचा अर्थच बदलतो. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर आणि पलीकडे नंदुरबार. पावरा, भिल्ल समाजात सिकलसेलचा दोष बऱ्याच कुटुंबांत आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं फोडून निघावीत अशा वेदना होतात. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचं वर्णन छापलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मधली, निलगिरीतली.

गावपातळीवरची त्याची तपासणी फार देखणी आहे. छोट्या नळीत द्रावण असतं, त्यात थोडं रक्त सोडायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. साधं रक्त असेल तर लालसर पाण्यातून रेघा लख्ख दिसतात. सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर ते द्रावणात विरघळत नाही, नळी गढूळ होते आणि रेघा नाहीशा होतात. समोर बसलेल्या आईलाही ते दिसतं. पण ही नळी फक्त एवढंच सांगते की दोष आहे. मूल वाहक आहे, म्हणजे एएस, की आजारी, म्हणजे एसएस, हे तिला कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात नळी फसते, फार रक्तक्षय असला तर फसते, नुकतंच रक्त चढवलेलं असलं तरी फसते. दोघं वाहक नवरा-बायको असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस मुलाची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक पूर्ण निर्दोष मुलाची. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. दर वेळी हिशेब नव्यानं मांडला जातो.

या पट्ट्यात दोन नेहमीचे रिपोर्ट वेगळ्या नजरेनं वाचायला लागतात. पहिला हिमोग्लोबिनचा. एसएस मुलाचं हिमोग्लोबिन कमी असतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून. लोहाची कमतरता आहे की नाही हे वेगळं तपासल्याशिवाय त्याला लोहाच्या गोळ्या देत राहणं बरोबर नाही. दुसरा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांत तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते, त्यावर ही तपासणी उभी आहे. एसएस रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच जाते, मग तिच्यावर साखर साचणार कधी? मधुमेह असला तरी रिपोर्ट छान येतो. उलट लोहाच्या कमतरतेत हाच आकडा उगाच वर सरकतो. वाहकांमध्ये आधुनिक पद्धतींनी तो बहुतेक ठीक येतो, पण तपासणी कोणत्या पद्धतीनं केली ते विचारावं.

या रुग्णांना ऊन आणि पाण्याची कमतरता फार लवकर बाधते. आणि याच पाड्यांतली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलांना घेऊन जातात. दुखणं तिकडे उठतं. तिथला डॉक्टर नवा, भाषा वेगळी, जुने कागद घरी राहिलेले. अशा वेळी आरोग्याची डिजिटल नोंद किती मोलाची ठरेल! देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच मुलखात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यानंतर अकरा वर्षांनी, २७ सप्टेंबर २०२१ ला, आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि १४ अंकी आभा क्रमांक आला. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंतचं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं. मला हे सगळं हवं आहे. अडचण येते ती ओटीपीशी. घरात एकच मोबाईल असतो आणि तो थोरल्या मुलाकडे, तो दुसऱ्याच फडावर. आशाताई पाड्यावर बसून आभा काढायला घेते आणि ओटीपी तिकडे वाजतो. म्हणून कुटुंबं परतलेली असतात त्या महिन्यांत, पावसाळ्याच्या तोंडाशी, शिबिरं लावावीत. आभाबरोबर प्लास्टिकमध्ये बांधलेलं कार्डही प्रत्येकाच्या हातात द्यावं.

आणि त्या नोंदीत 'सिकल पॉझिटिव्ह' एवढंच लिहून थांबू नये. एएस की एसएस, कोणत्या पद्धतीनं तपासलं, कोणत्या तारखेला, त्याआधीच्या तीन महिन्यांत रक्त चढवलं होतं का, हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू आहे का आणि किती, नेहमीचं हिमोग्लोबिन किती असतं. यातलं शेवटचं सगळ्यात उपयोगाचं. ज्या मुलाचं एरवीच ७.५ असतं, त्याचं ७ बघून तिकडचा डॉक्टर घाईनं रक्ताची बाटली लावणार नाही. ज्याचं एरवी ९ असतं, त्याचं ७ दिसलं तर तो एक तासही थांबणार नाही.